नाव न घेणारा कायदा



१९३४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. एगॉन एर्विन किश नावाचा, प्राग शहरात जन्मलेला एक नामांकित पत्रकार युद्धविरोधी परिषदेसाठी आगबोटीने ऑस्ट्रेलियास निघाला होता. त्याची साम्यवादी मते तेथील सरकारास रुचणारी नव्हती. म्हणून मेलबर्न बंदरात त्यास उतरू देण्यात आले नाही. तेव्हा या गृहस्थाने बोटीच्या कठड्यावरून थेट खालच्या धक्क्यावर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. त्यास उचलून पुन्हा बोटीवर ठेवण्यात आले व बोट सिडनीस गेली. तेथे त्याच्यापुढे कागद ठेवून सांगण्यात आले की, आम्ही वाचून दाखवितो तो उतारा लिहून दाखवा. किश यास युरोपातील अनेक भाषा अवगत होत्या. परंतु अधिकाऱ्यांनी निवडलेला उतारा होता स्कॉटलंडातील गेलिक भाषेतला! तो त्यास लिहिता आला नाही हे सांगावयास नकोच. लगेच तो ‘निषिद्ध प्रवासी’ ठरला आणि दंडाधिकाऱ्याने त्यास शिक्षाही फर्मावली.

प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरात न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, या कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला. स्कॉटलंडाभिमानी मंडळी मात्र या निकालाने फार संतापली. वृत्तपत्रांना पुष्कळ दिवस पुरेल एवढी करमणूक झाली. पण त्या गमतीत एक प्रश्न मागे राहिला. उमेदवार नापास व्हावा एवढ्यासाठीच जी परीक्षा घ्यावयाची, तिचा शोध प्रथम कोणी लावला? त्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपणांस ऑस्ट्रेलिया सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, डर्बन बंदरात, किशच्या उडीपूर्वी सदतीस-अडतीस वर्षे मागे जावे लागते. आणि तेथे गेल्यावर आढळून येते की, त्या परीक्षेचे पहिले उमेदवार आपलेच देशबांधव होते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. परदेशातून येणाऱ्या माणसास आपल्या भूमीत कोणत्या अटींवर राहू द्यावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक राज्य आपल्याकडे राखून ठेवते, आणि आपलाही देश त्यास अपवाद नाही. त्या हक्काचा वाद आज मला घालावयाचा नाही. मला सांगावयाचा आहे तो एका विशिष्ट युक्तीचा इतिहास. ज्यांना दाराबाहेर ठेवावयाचे त्यांचे नावही कायद्यात येऊ द्यावयाचे नाही, आणि तरीही कायद्याने नेमके त्यांनाच अडवावयाचे, अशी ती युक्ती होती. तिला इतिहासकार ‘नाताळचे सूत्र’ म्हणतात.

हे नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेव्हाची इंग्रजी वसाहत. १४९७ सालच्या ख्रिस्तजन्माच्या सणास वास्को द गामाची गलबते या किनाऱ्याजवळून चालली होती, म्हणून त्याने या भूमीस ते नाव दिले. तेथे राहणाऱ्या लोकांस त्याने अर्थातच काही विचारले नाही. पुढे इंग्रजांनी तेथे उसाचे मळे घातले. मळ्यांना मजूर हवे होते. तेथील झुलू लोक गोऱ्या मळेवाल्यांच्या अटींवर राबावयास तयार नव्हते. म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याचे ठरले. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासेहून ३४२ माणसे घेऊन डर्बनला लागले. पाच वर्षांच्या कराराला मजूर ‘गिरमिट’ म्हणत. इंग्रजी शब्दाचे ते त्यांच्या जिभेवरील रूप होय. मजुरांच्या मागोमाग स्वखर्चाने प्रवास करून गुजरात-काठेवाडकडील व्यापारीही तेथे गेले. करार संपलेल्या मजुरांनी भाजीपाला पिकविला, फेऱ्या करून माल विकला, जमिनीचे लहानसहान तुकडे घेतले. १८९० नंतरच्या काही वर्षांत नाताळातील हिंदी लोकांची संख्या गोऱ्यांच्या संख्येच्या जवळपास जाऊन पोहोचली.

मजूर म्हणून जो माणूस हवाहवासा होता, तोच शेजारी म्हणून, दुकानदार म्हणून आणि मतदार म्हणून नकोसा झाला. १८९३ साली नाताळास अंतर्गत कारभाराचे स्वातंत्र्य मिळाले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथील विधिमंडळाने आशियाई लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक मंजूर केले. तरुण बॅरिस्टर गांधी त्या वेळी एका खटल्याच्या कामासाठी तेथे आलेले होते. त्यांच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज विलायतेस गेला. विलायत सरकारने हे विधेयक मान्य केले नाही. कारण त्यात एका खंडातील सर्व लोकांचा त्यांच्या वंशावरून सरसकट उल्लेख होता, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात हिंदी प्रजेस समान वागणुकीचे अभिवचन राणीच्या नावाने देऊन ठेवलेले होते.

येथे नाताळच्या मुत्सद्द्यांना पहिला धडा मिळाला. १८९६ साली त्यांनी नवा कायदा आणला. त्यात आशियाचे नाव नव्हते, हिंदुस्थानचेही नव्हते. ज्या देशांत संसदीय मताधिकारावर आधारलेल्या लोकनियुक्त संस्था आजवर अस्तित्वात नाहीत, त्या देशांतील रहिवाशांना व त्यांच्या वंशजांना नाताळात मतदार होता येणार नाही, एवढेच त्यात लिहिले होते. हिंदुस्थानात तशा संस्था नव्हत्या, आणि त्या नव्हत्या याचे कारण तेथे इंग्रजांचेच राज्य होते! हा कायदा मात्र विलायतेस चालला.

आता उरला प्रश्न नव्या लोकांच्या येण्याचा. १८९६ च्या उत्तरार्धात गांधीजी हिंदुस्थानात आले होते. नाताळातील परिस्थिती लोकांपुढे मांडण्यासाठी ते पुण्यासही आले. लोकमान्य टिळक आणि गोखले या दोघांनाही भेटले, आणि डॉक्टर भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. त्यांच्या पुस्तिकेचा त्रोटक व विपर्यस्त गोषवारा तारेने नाताळात पोहोचला, आणि तेथील गोरे लोक खवळले. त्याच सुमारास मुंबईत प्लेग सुरू झाला. नोव्हेंबरअखेर मुंबईहून निघालेल्या ‘कूरलंड’ आणि ‘नादेरी’ या दोन बोटी डिसेंबरात डर्बनच्या बाहेर नांगरल्या तेव्हा त्यांत सुमारे आठशे उतारू होते, आणि गांधीजी आपल्या कुटुंबासह पहिल्या बोटीत होते. प्लेगचे कारण दाखवून बोटी तीन आठवड्यांहून अधिक काळ अडकवून ठेवण्यात आल्या. तेवढ्या वेळात गावात सभा झाल्या आणि उतारूंना परत पाठविण्याच्या प्रतिज्ञा झाल्या. १३ जानेवारी १८९७ रोजी धक्क्यावर हजारोंचा जमाव लोटला.

त्या जमावापुढे सरकारी वकिलाचे काम पाहणारे मंत्री हॅरी एस्कंब हे स्वतः गेले, आणि विधिमंडळ लवकरच बोलावून याचा बंदोबस्त करू, असे आश्वासन देऊन त्यांनी लोकांना घरोघर पाठविले. उतारू सुखरूप उतरले. संध्याकाळच्या सुमारास गांधीजी पायी निघाले असता मात्र टोळक्याने त्यांना गाठून बेदम मारले. पोलीस अधिकाऱ्याची पत्नी मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून मध्ये पडली म्हणून ते वाचले. वसाहत खात्याचे मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरावेत अशी विलायतेहून तार केली. गांधीजींनी फिर्याद करण्याचे नाकारले. दोष जमावाचा नसून त्याला चिथावणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

एस्कंब लवकरच मुख्य प्रधान झाले आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. त्या वर्षीचा चौदावा कायदा मे १८९७ मध्ये अमलात आला. या कायद्याचे शब्द मोठे पाहण्यासारखे आहेत. वसाहतीत कोणाला येऊ द्यावयाचे नाही याची त्यात यादी होती: निर्धन, वेडे, भयंकर संसर्गजन्य रोगाने पछाडलेले, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले. यात वावगे काय, असे कोणीही म्हणेल. परंतु या यादीत आणखी एक कलम होते. अधिकाऱ्याने सांगितले असता जो माणूस युरोपातील कोणत्याही एका भाषेच्या लिपीत, ठरीव नमुन्याप्रमाणे, स्वहस्ते अर्ज लिहून सही करू शकणार नाही, तो निषिद्ध प्रवासी समजावा.

मी याचा अर्थ आपल्या परीने करून पाहतो. काशीस बारा वर्षे अध्ययन केलेला न्यायशास्त्री, चार प्रांतांत हुंड्या चालविणारा आणि मोडीत वहीखाते लिहिणारा सावकार, कुराण मुखोद्गत असलेला मौलवी हे तिघेही डर्बनच्या धक्क्यावर निरक्षर ठरावयाचे. परंतु याहूनही मर्माचे शब्द कलमाच्या आरंभी आहेत: ‘अधिकाऱ्याने सांगितले असता’. सर्वांनी परीक्षा द्यावी असे कायदा म्हणत नाही. ज्याला सांगितले जाईल त्यानेच ती द्यावयाची. गोऱ्या प्रवाशास सांगावयाचे नाही म्हणजे झाले. कायद्याच्या मसुद्यातून जे नाव पुसून टाकले होते, ते असे त्या तीन शब्दांत दडवून ठेवले होते, आणि ते वाचण्याचे काम धक्क्यावरच्या अधिकाऱ्याकडे सोपविले होते.

त्याच वर्षी व्यापाराच्या परवान्यांचाही कायदा झाला. परवाना देण्या-नाकारण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविण्यात आला आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची वाट बंद करण्यात आली. त्यातही कोणा जातीचे नाव नव्हते.

वसाहतीत पूर्वीपासून राहणाऱ्यांना या परीक्षेची माफी होती. परंतु आपण पूर्वीपासून राहत आहो हे त्यांना सिद्ध करावे लागे, आणि त्यासाठी अधिवासाचे दाखले निघाले. येथे आयुष्यात केवढा पालट झाला ते ध्यानात घ्या. तोवर माणूस एखाद्या गावी राहत असे, म्हणजे राहत असे. शेजारी ते जाणत, दुकानाची पाटी ते सांगे. आता राहणे ही कागदाने ठरणारी वस्तू झाली. आईच्या आजारपणासाठी वा बहिणीच्या लग्नासाठी मायदेशी जाणाऱ्याने प्रथम दाखला मिळवावा, तो जिवापाड जपावा, आणि परतल्यावर धक्क्यावर दाखवावा. दाखला हरवला, नावाच्या लेखनात फरक पडला, किंवा अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर स्वतःचे घर समोर दिसत असताना त्यास बोटीवर बसून राहण्याची पाळी यावयाची.

१८९७ च्या जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा साठावा वाढदिवस झाला. त्यासाठी वसाहतींचे मुख्य प्रधान लंडनला जमले होते. एस्कंबही त्यांत होते. चेंबरलेनसाहेबांनी त्यांची परिषद भरविली. परक्यांना आपल्या वसाहतीत येऊ न देण्याची तुमची इच्छा आम्ही समजू शकतो, परंतु साम्राज्यातील कोट्यवधी हिंदी प्रजेचा केवळ वर्णावरून वा वंशावरून अपमान करणारा कायदा राणीसाहेबांना संमत करणे क्लेशदायक होईल; तेव्हा कोणाच्या भावना न दुखविता तुमचा हेतू साध्य होईल अशी शब्दयोजना करा, आणि नाताळने ती करून दाखविली आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सहा महिन्यांपूर्वी गांधीजींच्या हल्लेखोरांवर खटले भरा म्हणून तार करणारे ते हेच मंत्री. मला वाटते, त्यांच्या मनाला या दोहोंत विसंगती दिसली नसावी. दंगल त्यांना नको होती. दंगलीची मागणी शांतपणे, कायद्याच्या भाषेत पुरविली जाण्यास मात्र त्यांची हरकत नव्हती.

तेव्हापासून हे सूत्र समुद्रपर्यटनास निघाले. १९०१ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे एक संघराज्य झाले, आणि त्याच्या पहिल्या संसदेने पहिल्याच वर्षी आगमन-निर्बंधाचा कायदा केला. रंगाचे नाव स्पष्ट घ्यावे, हे आडपडद्याचे वागणे नको, असे तेथील मजूर पक्षाचे म्हणणे होते. परंतु विलायतेची नापसंती आणि जपानचा निषेध ध्यानात घेऊन सरकारने नाताळचाच मार्ग धरला, आणि त्यात एक सुधारणाही केली. नाताळात युरोपातील आपल्याला येणारी कोणतीही भाषा उमेदवारास चालत असे. ऑस्ट्रेलियात पन्नास शब्दांचा उतारा अधिकारी वाचून दाखवी, आणि तो कोणत्या भाषेतला असावा हेही अधिकारीच ठरवी. इंग्रजी शिकून आलेल्या हिंदी पदवीधरास त्याने जर्मन उतारा घातला तरी कायद्याचा भंग होत नसे. १९०५ साली ‘युरोपीय भाषा’ हे शब्द काढून ‘नियमाने ठरविलेली भाषा’ असे शब्द घालण्यात आले. त्यामुळे जपानसारख्या राष्ट्राच्या मनाची समजूत पडली, पण परीक्षा होती तशीच राहिली. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही असे सांगतात. ज्या परीक्षेत अर्धशतकात कोणीच उत्तीर्ण होत नाही, तिला परीक्षा म्हणणे ही भाषेचीच थट्टा होय.

कॅनडाने याहून वेगळी वाट काढली. जानेवारी १९०८ मध्ये तेथील सरकारने हुकूम काढला की, आपल्या जन्मभूमीतून निघून, तेथेच घेतलेल्या तिकिटावर, वाटेत कोठेही प्रवास न तोडता जो थेट कॅनडात येईल त्यासच प्रवेश मिळेल. यात भाषेचा प्रश्न नाही, वर्णाचा नाही. वाचणाऱ्यास वाटावे की रेल्वेच्या वेळापत्रकातील हा एखादा नियम आहे. परंतु हिंदुस्थानातून कॅनडास थेट प्रवास घडवून आणणारी सोयच प्रवाशांना उरू दिलेली नव्हती. पुढे आशियाई प्रवाशाजवळ दोनशे डॉलर असले पाहिजेत अशीही अट आली. १९१३ च्या अखेरीस ‘पनामा मारू’ बोटीतील शीख प्रवाशांच्या खटल्यात ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधीशांनी या हुकमांच्या शब्दरचनेतील दोष दाखवून प्रवाशांना सोडले. सरकारने धडा घेतला आणि हुकूम पुन्हा नीट लिहून काढले.

या दुरुस्त हुकमांवर जाऊन आदळली ती ‘कोमागाता मारू’. बाबा गुरुदित्तसिंग यांनी भाड्याने घेतलेली ही जपानी बोट हाँगकाँगहून निघून २३ मे १९१४ रोजी व्हँकूव्हरला पोहोचली. बोटीत ३७६ उतारू होते, बहुतेक पंजाबी शीख. पूर्वी कॅनडात राहून गेलेले वीस आणि एक डॉक्टर व त्यांचे कुटुंब एवढ्यांनाच उतरू दिले. बाकीची माणसे दोन महिने किनारा पाहत बोटीवर राहिली. त्यांच्यापैकी कित्येकांनी इंग्रजांच्या सैन्यात वा पोलिसांत चाकरी केली होती. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परतविण्यात आली. सप्टेंबरअखेर ती कलकत्त्याजवळ बजबज येथे आली, तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते, आणि बाहेरून हिंदुस्थानात येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा वटहुकूम सरकारने नुकताच काढला होता. प्रवाशांना आगगाडीत घालून परस्पर पंजाबात पाठविण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी ऐकले नाही. गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी ठार झाले. परक्या देशाचे दार ज्यांना बंद होते, त्यांना स्वतःच्या देशाचे दारही अशा रीतीने उघडले.

आता पुन्हा आफ्रिकेकडे वळू; कारण या कथेतील सर्वांत अवघड प्रश्न तेथेच उभा राहिला. नाताळच्या शेजारी ट्रान्सवाल. तेथे नाव लपविण्याची कोणी तसदी घेतली नाही. १९०७ च्या दुसऱ्या कायद्याने आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई माणसाने नोंदणी करावी, दहाही बोटांचे ठसे द्यावेत आणि मिळालेला दाखला पोलीस मागतील तेव्हा दाखवावा, असे ठरले. हिंदी लोकांनी नोंदणीवर बहिष्कार घातला. पुढे जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन अनेकांनी आपखुशीने दाखले घेतले. परंतु कायदा रद्द होईल हा समज खोटा ठरला. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गमधील हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. ज्या कागदावर माणसाचे राहणे अवलंबून होते, तो कागद त्याने स्वतःच्या हाताने आगीत टाकला.

पुढे जी बोलणी झाली, त्यांत गांधीजींची मागणी काय होती हे पाहिले म्हणजे विचार करावा लागतो. ट्रान्सवालात हिंदी लोकांना मुक्तद्वार द्या, असे त्यांनी मागितले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, आशियाई लोकांना वेगळे काढणारा कायदा रद्द करा, आणि सुशिक्षित हिंदी माणसास इतरांप्रमाणेच परीक्षा देऊन येण्याचा हक्क कायद्यात ठेवा. मग अंमलबजावणीत वर्षाला सहाच माणसे घेतली तरी आमची तक्रार नाही. म्हणजे ज्या नाताळी पडद्याला मी आतापर्यंत दोष देत आलो, जवळजवळ तोच पडदा त्यांनी मागून घेतला असे कोणी म्हणेल. गांधीजींची दृष्टी अशी होती की, संख्येची मर्यादा ही व्यवहारातील गैरसोय आहे. परंतु कायद्याच्या ग्रंथात एका राष्ट्राच्या लोकांना नाव घेऊन हीन ठरविणे हा त्या साऱ्या राष्ट्राचा, न जन्मलेल्या पिढ्यांचाही, अपमान आहे.

या विचारात तथ्य आहे यात शंका नाही. शब्दांत समता असली तर तिचा आधार घेऊन उद्या भांडता येते. पनामा मारूच्या प्रवाशांना शब्दांनीच सोडविले होते. परंतु पडद्याची दुसरी बाजू १९१३ साली दिसली. दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याने सर्व प्रांतांसाठी नवा आगमन-कायदा केला. आर्थिक कारणांसाठी अथवा राहणीच्या दर्जामुळे किंवा सवयींमुळे जी व्यक्ती वा जो वर्ग देशाच्या गरजांस अयोग्य आहे असे मंत्र्यास वाटेल, त्यास प्रवेश नाही, असे त्यातील एक कलम होते. नाव कोणाचेच नव्हते. मंत्र्याने त्या कलमाखाली आशियाई लोकांना अयोग्य ठरविले, आणि काम झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न हे कायद्याच्या दृष्टीने लग्न नव्हे. प्रश्न एका स्त्रीस आपल्या नवऱ्याकडे येऊन राहू द्यावे की नाही, एवढाच होता. उत्तराने मात्र हजारो हिंदू-मुसलमान स्त्रियांचे पत्नीपणच संशयात टाकले.

एक वर्षापूर्वी, १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. नाताळात गिरमिटमुक्त मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर १८९५ च्या कायद्याने बसविलेला होता; कराराखाली पुन्हा राबा, मायदेशी जा, नाहीतर राहण्याचे मोल भरा, असा त्याचा अर्थ. गोखल्यांच्याच ठरावामुळे नाताळास गिरमिट मजूर पाठविणे १९११ साली बंद झाले होते. कर रद्द होईल असे आश्वासन मंत्र्यांनी आपणांस दिले, अशी गोखल्यांची समजूत होती. मंत्र्यांनी ते नाकारले. तेव्हा कर, विवाह आणि प्रवेश हे तिन्ही प्रश्न एक झाले. कस्तुरबा व इतर स्त्रिया प्रथमच तुरुंगात गेल्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले नाताळची सरहद्द ओलांडून परवान्यावाचून ट्रान्सवालात शिरली. त्यांचा गुन्हा एवढाच होता की, एका प्रांतात राहणाऱ्याने दुसऱ्या प्रांतात पाऊल टाकले. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. आगमनाचे कलम जागच्या जागी राहिले.

असो. कॅनडाने सरळ प्रवासाचा नियम १९४७ साली सोडला, आणि २०१६ च्या मे महिन्यात तेथील पंतप्रधानांनी संसदेत कोमागाता मारूबद्दल क्षमा मागितली. ऑस्ट्रेलियाची उताऱ्याची परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली. ही नावे आता इतिहासजमा झाली आहेत. तथापि परदेशी जाणाऱ्यास अर्ज, दाखले, भाषेचे ज्ञान, बँकेतील रक्कम यांच्या अटी आजही असतात. त्यांतील पुष्कळ अटी योग्यच असतील. परंतु एखादा नियम न्याय्य आहे की नाही हे त्याच्या शब्दांवरून ओळखता येत नाही, एवढा बोध या इतिहासातून निश्चित घेता येतो. त्या नियमापाशी प्रत्यक्षात कोण अडते, कोणाला विचारले जाते आणि कोणाला विचारलेच जात नाही, आणि नकार देणाऱ्यास कारण विचारण्याची सोय आहे की नाही, हे दारापाशी उभे राहून पाहावे लागते. आणि हा नियम दुसऱ्यांच्या दारास जसा लागू आहे, तसाच आपल्याही दारास लागू आहे.

जाता जाता एकच सांगतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला आशियाई मनुष्य काही काळ मायदेशी निघाला, म्हणजे परतताना उताऱ्याची परीक्षा घेऊ नये म्हणून त्यास माफीचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे असत आणि पाठीमागे सबंध पंजाचा ठसा असे. फेरीवाले, उंटवाले, शेतमजूर, चिनी माळी अशा हजारो माणसांची ती प्रमाणपत्रे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आज जपून ठेवलेली आहेत. ज्यांनी कधी हौसेने छायाचित्र काढून घेतले नसते, त्यांचे चेहरे त्यांच्या वंशजांना पाहावयास मिळतात ते याच कागदांवर. कायद्याने ज्यांचे नाव घेण्याचे टाळले, त्यांची नावे, गावे आणि तळहातावरील रेषा त्याच कायद्याच्या दप्तरात राहून गेल्या आहेत.